बोडीवरचा डबा

तिलक बिसेन आणि त्याचा धाकटा भाऊ ओमेश्वर पोळ्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. कारण म्हटलं तर मोठं, म्हटलं तर ऐकणाऱ्याला हसू येईल असं. ओमेश्वरने बैल विकले ते विकले, वरून पोळ्याला ट्रॅक्टरवर झूल टाकून तो बैलांच्या तोरणाखाली आणून उभा केला. तिलकने साऱ्या सौंदड गावासमोर त्याला तो परत न्यायला लावला. झालं, बोलणं बंद. दोघेही एकाच हट्टी बापाचे. दिवाळी तोंडावर आली तरी माघार कोणी घ्यायची ते ठरलं नव्हतं.

शेततळं, म्हणजे बोडी, मात्र सामायिक होती, आणि तिच्या काठावरची मोटरही. यंदा पाऊस लवकर पळाला, धान निसवत होतं, म्हणून एक दिवस थोरल्याच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना पाणी, एक दिवस धाकट्याच्या, ही जुनीच पाळी चालू राहिली. त्यासाठी बोलावं लागत नव्हतं. मोटरीच्या स्टार्टरला सिम घातलेला एक डबा जोडलेला होता. मोबाईलवरून त्याला ‘ऑन’ असा मेसेज टाकला की मोटर सुरू, ‘ऑफ’ टाकला की बंद. डबा दोन्ही भावांचं ऐकायचा. पण बसवताना थोरला म्हणून तिलकचा नंबर मालकाच्या जागी घातलेला. त्यामुळे हुकूम कोणाचाही असो, ‘मोटर चालू’ ही वर्दी तिलकच्या फोनवर यायचीच.

त्या वर्दीची तो रोज वाट बघायचा, हे त्याने बायकोलासुद्धा कबूल केलं नसतं. ओमेश्वरची पाळी असली की सकाळी विजेची लाईन आली रे आली, फोन वाजायचा. म्हणजे भाऊ उठला, धडधाकट आहे, कामाला लागला. अबोला धरून बसलेल्या माणसाला एवढी खबर पुरे व्हायची.

त्या दिवशी पाळी ओमेश्वरची होती. लाईन येऊन बराच वेळ झाला तरी फोन गप्प. तिलकचा चहा झाला, बैलांना चारा टाकून झाला. “झोपला असन लाटसाहेब,” तो पुटपुटला. पण चैन पडेना. निसवत्या धानाला पाणी चुकलं की दाणा भरत नाही, सारं पोचट निघतं. भांडण भावाशी होतं, धानाशी नव्हतं. त्याने एका बोटाने ‘ऑन’ लिहिलं आणि पाठवून दिलं. मनातल्या मनात थोडा फुगलाही. कळू दे त्याला, थोरला कोण आहे ते.

तेवढ्यात त्याची बायको रुक्मा शेजारच्या अंगणातून, म्हणजे ओमेश्वरच्याच घरून आली. रुक्मा आणि योगेश्वरी या जावाजावांनी नवऱ्यांच्या भांडणात कधीच भाग घेतला नव्हता.

“मोटर कालपासून घरघर करून राहिली म्हणते जी,” ती म्हणाली. “योगेश्वरी सांगत होती. भाऊजी पाना घेऊन बोडीवर गेले. खोलून, हात घालून पाहतो म्हणाले.”

तिलकने फोन पुन्हा हातात घेतला. ‘ऑफ’ लिहायला गेला तर बोट भलत्याच अक्षरावर पडलं. पुसून पुन्हा लिहिलं, पाठवलं. डब्याचं उत्तर नाही. बोडीकडे नेटवर्क मनात येईल तेव्हा यायचं. पहिला मेसेज पोहोचला की दुसरा, की दोन्ही अडकले, कळायला मार्ग नव्हता. ओमेश्वरला फोन लावला, तर घंटी वाजली शेजारच्याच ओसरीवर.

तिलक पळत सुटला. एक चप्पल चिखलात राहिली, ती घ्यायला तो थांबला नाही. आपण भावाला मारलं, आपल्याच बोटाने मारलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. तो ट्रॅक्टर, ते तोरण, गावासमोरची ती इज्जत, सगळं त्याला फालतू वाटलं. वाटेत खिशातला फोन वाजला. तो काढून बघायची त्याची हिंमत झाली नाही.

ओमेश्वर मोटरीपाशी उकिडवा बसला होता. कोपरापर्यंत काळं तेल, एक हात मोटरीच्या पोटात.

“हात काढ!” तिलक लांबूनच ओरडला.

“काय झालं गा भाऊ?”

“काढ म्हणतो ना! मी ऑन टाकला!”

ओमेश्वरने हात बाहेर काढला. मुठीत गवताचा गुंता होता. मग त्याने बाजूला पसरलेला आपला दुपट्टा दाखवला. त्यावर तिन्ही फ्यूज काढून ठेवलेले होते.

“मले मालूम होतं,” तो म्हणाला. “माह्या धानाले पाणी नाही गेलं त तुले राहवणार नाही. तू ऑन टाकशीलच. म्हणून आधी हेच काढले.”

“मंग सांगतलं काऊन नाही?”

“तू फोन उचलला असता?”

उचलला नसता, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिलक तिथेच खाली बसला आणि आता कुठे त्याने फोन पाहिला. फ्यूज नव्हते म्हणून डब्याने कळवलं होतं, ‘लाईन नाही. मोटर बंद.’

ओमेश्वरने मोटर जोडली, फ्यूज लावले, हात पुसले. “टाक आता,” म्हणाला.

तिलक उठला. त्याने भावाचं मनगट धरलं आणि त्याला मोटरीपासून पार मोहाच्या झाडापर्यंत ओढत नेलं.

“मी काय लेकरू आहो का गा?”

“उभा राय इथंच.”

मग दुसऱ्या हाताने फोन धरून त्याने अंगठ्याने ‘ऑन’ लिहिलं. पाणी धाकट्याच्या बांधीत पडायला लागलं, तरी त्याने मनगट सोडलं नव्हतं.