दहाव्या पुस्तिकेचं उत्तर

परभणीच्या त्या ख्रिस्ती केंद्रात पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, व्हायला वयाची अट नव्हती, शाळेच्या दाखल्याची नव्हती, आणि फीही अशी की एका दिवसाच्या मजुरीत महिना निघावा. म्हणूनच झरी गावचा मल्हार पंचेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थी झाला. दर शनिवारी वर्ग भरायचा. शिंपी, सायकलवाला, दवाखान्यात झाडझूड करणारी बाई, असे चौदा जण सतरंजीवर बसायचे. दोन वर्षांत बारा पुस्तिका. प्रत्येकीच्या मागं प्रश्न, आणि त्यांची उत्तरं स्वतःच्या शब्दांत घरून लिहून आणायची.

मल्हारला हे शिक्षण का हवं होतं, त्याला कारण घडलं होतं. त्या वर्षीच्या पावसाळ्यात कमलबाईचा नवरा वारला. नांदेडहून येणारे पाळक वेळेत पोचले नाहीत. झरीतली वीसेक विश्वासी माणसं दर रविवारी मल्हारच्याच पत्र्याच्या शेडात उपासनेला जमायची, त्याचा गळा गोड, प्रार्थना खणखणीत. तेव्हा खड्ड्याजवळ सगळे त्याच्या तोंडाकडं बघू लागले. मल्हारला दोन वाक्यांपुढं काही सुचलं नाही. कशीबशी मूठमाती झाली. कमलबाईकडं मान वर करून बघायची त्याची हिंमत झाली नाही. पुढच्या आठवड्यात त्यानं केंद्रात नाव घातलं.

पण मल्हार चौथी शिकलेला. पवित्र शास्त्र तो अक्षराखाली बोट धरून वाचायचा, लिहायचं म्हटलं की मात्र हात गोठायचा. बायको, बबिता, दहावीपर्यंत गेलेली. पहिल्या पुस्तिकेच्या वेळी तो सांगत गेला, ती लिहीत गेली. तिसरीपर्यंत ती स्वतःच वाचून लिहू लागली, कारण मल्हार मेंढरामागून यायचा आणि बसल्याजागी पेंगायचा. पाचवीपासून तर आत काय लिहिलंय हे विचारायचंही त्यानं सोडलं. खाली नागमोडी सही तेवढी त्याची.

मार्क चांगले पडत होते. शिकवणारे व्यंकटराव सर जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त हेडमास्तर, सहसा कुणाला शाबासकी न देणारे. तेही म्हणाले होते, "मल्हार, तुझ्या विचाराला खोली आहे." पहिल्यांदा मल्हार कानकोंडा झाला. पुढं पुढं त्याला ते खरंच वाटायला लागलं.

पुसाच्या थंडीतला एक शनिवार. दहावी पुस्तिका तपासून झाली होती. सरांनी त्यातला एक कागद वर धरला.

"प्रश्न असा होता," ते म्हणाले, "ज्या आईचं लेकरू गेलं, तिला तुम्ही काय सांगाल? सगळ्यांनी वचनं लिहिली. मल्हारनं काय लिहिलंय, ऐका."

मल्हार ताठ बसला. सर वाचू लागले.

"'आमची लेक भक्ती तीन वर्षांची होऊन गेली. माती देऊन घरी आलो आणि मी बायकोला म्हणालो, देवाची इच्छा. रडू नको, लोक बघतात. मला वाटलं, मी तिला धीर दिला. त्यानंतर वर्षभर ती प्रार्थनेत नुसते ओठ हलवायची. आत काही नव्हतं. मला ते कळलं नाही, कारण मी शेजारीच डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करत होतो. शेजारची चतुराबाई आमच्या देवाला मानत नाही. पण ती रोज यायची, अंगण झाडायची, भाकरी टाकायची आणि भिंतीला टेकून बसायची. एक शब्द बोलायची नाही. तिच्यामुळं माझी बायको उठली. म्हणून मी त्या आईला काही सांगणार नाही. मी तिच्या घरी जाऊन बसेन.'"

झाडझूड करणारी बाई पदरानं डोळे पुसत होती. "स्वतःची चूक अशी मांडायला छाती लागते," सर म्हणाले. शिंप्यानं मल्हारच्या पाठीवर हात ठेवला.

देवाची इच्छा, रडू नको, हे शब्द मल्हारनं त्या दिवशी खरंच म्हटले होते. पण ती चूक होती, हे त्याला नऊ वर्षांनी, सगळ्यांसोबत, आत्ताच कळत होतं. त्याला उठून सांगायचं होतं. तो बसून राहिला.

दुपारी तो घरी पोचला तेव्हा बबिता अंगणात कापसाची बोंडं फोडत होती.

"सरांनी तुझा पेपर वाचला," तो म्हणाला. "सगळ्याम्होरं."

तिचे हात थांबले. "मोठ्यानं?"

"हाव."

"अन् तुमी बसून ऐकलं?"

मल्हार खाली बसला. "मला का न्हाई सांगितलंस? नऊ वर्षं झाली, बबिता."

"सांगितलं की. सही करायला तुमच्याच हातात दिल्ता कागद." तिचा आवाज चढला नाही. "लिव्हून दोन दिवस भिंतीतल्या दिवळीत ठिवला हुता. म्हणलं, आज वाचतेत, उद्या वाचतेत. तुमी सही केली अन् पिशवीत घातला. मग मी बी म्हणलं, जाऊ द्या."

"लोकं मला वाहवा करायलेत."

"करू द्या. पर त्ये चौदा मान्सांत वाचायसाठी न्हवतं." ती उठली आणि बोंडांची टोपली तशीच टाकून आत गेली.

आठ दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. पुढच्या शनिवारी मल्हार पहिल्या गाडीनं परभणीला गेला. वर्गात सर एकटेच होते. त्यानं उभ्यानंच सगळं सांगून टाकलं.

सरांनी चष्मा काढला. "दहाही पुस्तिका?"

"पयलीत थोडं माझं हाय. बाकी तिचंच."

"ज्यांना लिहिता येत नाही त्यांची तोंडी परीक्षा घेतो, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"सांगितलं हुतं, सर. हात वर करायची लाज वाटली."

सरांनी कपाटातून त्याच्या पुस्तिका काढल्या. मग म्हणाले, "दहाही रद्द होतील. नियम आहे, आणि नियम नसता तरी केल्या असत्या. तुला पहिलीपासून यावं लागेल." पुस्तिका बाजूला सारत ते पुढं म्हणाले, "एक चूक माझीही झाली. ते पान मी दुसऱ्या दोन केंद्रांना पाठवलंय. नमुना म्हणून, तुझ्या नावानं."

"वापस मागवता येतंय का?"

"कागद मागवीन. लोकांनी वाचलेलं कसं मागवू?"

रविवारी मल्हारनं शेडातल्या माणसांपुढंही तेच सांगितलं. त्यांच्यातला नागनाथ उठला. "आमी तुला पाळक म्हणायलो हुतो," एवढं बोलून तो बायकापोरांना घेऊन निघाला. त्याच्यामागं आणखी दोन घरं गेली. उरलेल्यांत कमलबाई होती. उपासना संपल्यावर ती जवळ आली.

"मल्हारभाऊ, त्या दिशी तुला बोलता आलं न्हाई, त्याचा राग मला कवाच न्हवता," ती म्हणाली. "पुन्ना घराकडं फिरकला न्हाईस, त्याचा आला. शिकाय चाललास, आयकलं. घर माझं चार पावलावर हाय."

त्या संध्याकाळी तो तिच्या घरी गेला. ती त्याला ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. अर्धा घंटा बसून तो परतला.

महिन्याभरानं सरांचा निरोप आला, बबिताला घेऊन ये. ती यायला तयार होईल असं मल्हारला वाटलं नव्हतं, पण ती आली. सरांनी तिच्यापुढं तिन्ही केंद्रांतले कागद ठेवले.

"तुम्हाला न विचारता वाचलं. माझं चुकलं, ताई," ते म्हणाले. "तुम्ही नाव घाला इथं. पुस्तिका तुम्हाला नव्यानं वाचायलाही नकोत."

बबितानं कागद एकावर एक जुळवले, दुमडले आणि कमरेच्या पिशवीत घातले. "मला पाळक व्हायचं न्हाई, सर. मला लिव्हायचं हुतं त्ये लिव्हून झालं."

"पण तुमच्यासारखी माणसं..."

"यांची परीक्षा तोंडी घ्या. पुस्तिका मी वाचून दावीन. उत्तरं न्हाई सांगनार."

दोघं स्टँडवर येऊन उभे राहिले. झरीकडची गाडी लागायची होती. शेंगावाल्यांचा गलका, धूळ, मोटारींचा धूर. कधीपासून मनात असलेली गोष्ट मल्हारनं विचारून टाकली.

"प्रार्थनेला बसतीस तवा... आता तरी हाय का काही आत?"

विचार करून, खरं तेवढंच बोलायचं अशा बेतानं ती म्हणाली, "कवा असतंय. कवा नसतंय."

"मग नसतंय तवा बसत जाऊ नकूस. लोकं काय बी म्हनू दे."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. गाडी लागली, माणसं दाराकडं धावली. मल्हारला एक जागा मिळाली, ती त्यानं तिला दिली आणि वरची दांडी धरून तो उभा राहिला.