लाखोरीतली हॉकी

“वहिनी, जाळं आणलो. कुठं ठेवू?”

बाबुलालनं खांद्यावरचं जुनं जाळं टपरीच्या बाकावर टाकलं, तेव्हा मी लाखोरीच्या डाळीचे वडे तेलात सोडत होते. बाबुलाल गावच्या तलावात मासे धरतो. दर एकतीस डिसेंबरला त्याचं हे फाटकं जाळं हॉकीच्या गोलाला बांधलं जातं, हे सगळ्या गावाला ठाऊक. आणि यंदा हॉकी होणार नाही, हेही सगळ्या गावाला ठाऊक.

“कायची मॅच न काय,” मी म्हटलं. “वासुदेवरावानं बांधीत लाखोरी फेकली ना.”

“फेकू दे. घनश्यामभाऊ कुठं हायेत?”

“आमचे हे ना? खाट धरून बसले. निवडणुकीचा निकाल लागला तवापासून तेच चालू आहे.”

त्यानं एक वडा उचलला, फुंकर मारून तोंडात टाकला आणि जाळं तिथंच ठेवून निघून गेला. आता वर्षाच्या शेवटच्या दिवशी गिऱ्हाइकांना वडे देऊ, की ते जाळं बघत बसू?

आमच्याकडे धान उभं असतानाच बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, ओलीवर लाखोरीचं बी फेकतात. धान कापलं की खालची हिरवी लाखोरी वर येते. फक्त वासुदेवरावांची तलावाजवळची एक बांधी दरवर्षी मोकळी राहायची, हॉकीसाठी. वासुदेवराव धानाचे व्यापारी, आणि आमच्या यांचे शाळेपासूनचे सोबती. बोरीच्या वाकड्या फांद्या तोडून दोघं हॉकी शिकले. तेव्हापासून वासुदेवराव गोल मारणार आणि हे अडवणार. भारताला ऑलिम्पिकात पदक मिळालं, तेव्हा यांनी टपरीसमोरच्या अख्ख्या एसटी स्टँडला वडे फुकट वाटले. मी खूप बोलले, मग शेवटचा घाणा मीच वाटला. पदक रोज थोडंच मिळतं.

मग ही मेली निवडणूक आली. वासुदेवराव सरपंचपदाला उभे राहिले, तोवर सगळं ठीक होतं. पण स्टँडवर कुणीतरी बोललं की निवडणुकीच्या चिन्हांत हॉकी आणि चेंडू आहे. झालं. राजकारण ना यांना ठाऊक, ना यांच्या बापाला. पण हॉकीचं चिन्ह दुसऱ्या कुणी नेलं तर, एवढ्या धास्तीनं माणूस जाऊन अर्ज भरून आला. मला सांगितलं ते जेवताना, दुसरा वडा खाऊन झाल्यावर.

“वासुदेवाच्या विरोधात कायले उभे राहिले तुमी?” मी विचारलं.

“विरोधात कुठं? मी तं हॉकीसाठी उभा हाओ.”

हे वासुदेवरावांना कोण समजावणार? त्याच आठवड्यात त्यांच्या बांधीत लाखोरी पडली. निकालात ते दणक्यात निवडून आले. यांना इतकी कमी मतं पडली, की टपरीवर फुकट चहा पिणारे त्या दिवशी कुठं मेले होते, असं मला वाटलं. पण खरं सांगते, हरल्याचं यांना काही नव्हतं. बांधी गेली, ते लागलं. साठी उलटली, गुडघे कुरकुरतात. असे आणखी किती डिसेंबर मिळणार? मला एकच हवं होतं. वर्ष संपायच्या आत हा माणूस एकदा तरी गोलात उभा राहावा.

वडे संपल्यावर मी शेजारच्या बेबीबाईला घेऊन लाखोरीची भाजी खुडायला निघाले. कोवळे शेंडे खुडायला आमच्याकडे कुणी कुणाला अडवत नाही. खुडलं की ती आणखी फुटते. मी मुद्दामच वासुदेवरावांच्या बांधीत शिरले. राग होता मला, टोपलं गच्च भरून न्यायचं होतं. खुडत खुडत पलीकडच्या धुऱ्यापाशी, बांधाच्या कडेला पोहोचले आणि हात थांबला.

“बेबीबाई, इकडं पाह्य.”

अख्खी बांधी हिरवीगार, आणि धुऱ्याला टेकून अर्ध्या भाकरीसारखी जागा मोकळी. नुसते धानाचे वाळके खुंट.

“बी कमी पडलं असन,” बेबीबाई म्हणाली.

“बी कमी पडलं तं अशी वाटोळी जागा राह्यते का वं? हा गोल आहे आमच्या यांचा. दरवर्षी इथंच उभे राह्यतात ते.”

टोपलं कसंबसं सावरत मी घरी पळाले. वाटेत बाबुलाल दिसला, त्याला ओरडून सांगितलं.

“अवो, उठा. वासुदेवरावानं तुमच्या गोलापुढं लाखोरी नाही फेकली.”

“खोटं नोको बोलू, सत्यवती.”

“डोळ्यांनी पाहून आली मी.”

यांनी खाटेखाली वाकून जुन्या गादीच्या कापसाचे पॅड ओढून काढले.

भाजीचं टोपलं तसंच काखेत मारून मी यांच्यासोबत पोहोचले, तेव्हा बाबुलालनं जाळं बांधलं होतं आणि अर्धा गाव धुऱ्यावर बसला होता. थोड्या वेळानं वासुदेवराव आले. नव्या सरपंचाचे पांढरे कडक कपडे, आणि हातात हॉकी.

“कोणाले विचारून जाळं बांधलं?”

हे गोलातून म्हणाले, “तू इथं काहून नाही फेकली?”

वासुदेवरावांनी खाली बघितलं. “फेकाले गेलतो. हात नाही गेला बे.”

“मंग मार आता.”

त्यांनी चेंडू ठेवला आणि असा हाणला की मी डोळेच मिटले. फाडकन आवाज आला. उघडून बघते तर हे आडवे पडलेले, आणि चेंडू पॅडला लागून लाखोरीत उडालेला. धुऱ्यावर एकच गलका झाला. पोरं शोधायला धावली, तशी हे पडल्या पडल्याच ओरडले, “आत कोणी जाऊ नोका रे. त्याची लाखोरी तुडवल्या जाईन.”

मग ते दोघंच आत गेले. एक पांढऱ्या कपड्यांत, एक पॅड बांधलेला. दोघंही वाकून, पाय जपून टाकत चेंडू शोधत होते. “इकडं गेला बे,” “नाही, तिकडं,” असं चाललं होतं. निकालानंतर पहिल्यांदाच ते असे पहिल्यासारखे एकमेकांशी बोलत होते.

चेंडू केव्हाच लाखोरीतून उसळून माझ्या पायाशी, धुऱ्याच्या गवतात येऊन पडला होता. मी त्याच्यावर भाजीचं टोपलं ठेवलं आणि शेंडे निवडत बसले.