ओड्वारच्या झऱ्याचं पाणी

प्रार्थनाघरात पाय ठेवायला जागा नव्हती. उलट्या-जुलाबांनी हैराण झालेलं अख्खं बेट धर्मोपदेशक ओड्वारपुढे रांगेत उभं होतं. बादलीत झऱ्याचं पाणी आणि एकच लाकडी ओगराळं. तेच ज्याच्या त्याच्या ओठाला लावत तो म्हणत होता, "समुद्र कोपला, पण झरा मायाळू आहे. दोन दिवसांत उतार पडेल. नाही पडला, तर विश्वास कमी पडला समजा."

"म्हणजे बरे झालो तर झऱ्यामुळे, नाही झालो तर आमच्यामुळे," गुड्नी पुटपुटली. शेजारच्या दोघांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

कुठल्या गावात पोटाच्या साथीचे किती रोगी, आकडा चढतोय की उतरतोय, हे दर आठवड्याला मांडणं हे जिल्हा आरोग्य कचेरीत तिचं काम. या बेटाचा आकडा एकाएकी चढला म्हणून ती एका दिवसासाठी आली, आणि वादळानं बोट बंद पडली. फोनही गेले. बेटावर डॉक्टर नाही. तिनं झऱ्याचं पाणी नाकारलं म्हणून दुकानदारानं तिच्याशी बोलणं टाकलं. घरमालकीण ओलाउग समजावायची, "घ्या की घोटभर. गावाशी वैर कशाला?" जायला वाट नाही आणि राहणं नकोसं, अशी तिची गत झाली.

चौथ्या दिवशी तीच आडवी झाली. ओलाउग झऱ्याचं पाणी घेऊन आली.

"ते नको. साखर-मिठाचं दे, घोट घोट."

"आणि काही बरंवाईट झालं तर?"

"तर ओड्वारला सांग, माझा विश्वास कमी पडला."

आजाराच्या तिसऱ्या दिवशी गुड्नी उठून बसली. वही घेऊन घरोघर फिरली. प्रश्न दोनच: उलट्या कधी सुरू झाल्या, आणि झऱ्याचं पाणी कधी प्यालात?

रविवारी ती प्रार्थनाघरात उभी राहिली.

"बाई, विज्ञानाला सगळं कळतं का?" ओड्वार हसला.

"नाही. पण मला तारखा वाचता येतात." तिनं वही उघडली. "ही साथ बहुतेकांना दोन-तीन दिवसांत आपोआप सोडते. तुम्ही आजाराच्या दुसऱ्या दिवशी पाणी प्यालात, तिसऱ्या दिवशी उठलात. दीपगृहावरचे सहा रोगी इथं फिरकलेच नाहीत, तेही तिसऱ्या दिवशी उठले. मीसुद्धा. उलट साथ लागू नये म्हणून एकोणीस धडधाकट माणसं इथं येऊन पाणी प्याली. त्यातली चौदा दोन दिवसांत आजारी पडली. रोग्याच्या तोंडचं ओगराळं त्यांच्या तोंडाला लागलं होतं."

ओलाउग उठली. "माझे बाबा त्या चौदांतले. वय एक्क्याऐंशी. दुसरं काही पाजलं तर झऱ्याचा गुण जातो, असं यानं सांगितलं. कालपासून त्यांची जीभ कोरडी पडलीय."

दोघी धावतच धक्क्यावरच्या बाबांच्या घरी गेल्या. दुपारभर चमच्या-चमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजलं. दिवेलागणीला म्हाताऱ्यानं डोळे उघडून कॉफी मागितली.

बोट अजूनही बंदच होती. पण ओड्वारपुढे कुणी उभं नव्हतं. लोक हात धुवायचा साबण न्यायला दुकानात गेले होते.

चमत्काराच्या जगात हुशार माणसंही फसतात, कारण बरे झालेले तेवढे पुढे येऊन बोलतात. म्हणून हात जोडण्याआधी एवढंच विचारा: ज्यांनी ते पाणी घेतलंच नाही, त्यांचं काय झालं?