अंधाराचं चित्र

राणीला सगळं कळतं, हे भामा तिच्या जन्मापासून लोकांना सांगत आली होती. जन्मताच मेंदूला इजा झालेली. मान डगमगायची, हात आखडायचे, तोंडातून शब्द फुटत नसे. पण लेकीची भूक, झोप, रुसवा भामा डोळ्यांवरून ओळखायची. म्हणून शाळेनं "हिच्या बोलण्याचं काहीतरी साधन बघा, नाहीतर पुढच्या वर्गात घेणार नाही," असं कळवलं, तेव्हा ते तिला जरा लागलंच.

तरी ती राणीला ऑटोत घालून अंबरपेठेतल्या घरून जामबागच्या एका केंद्रात घेऊन गेली. तिथं शर्वरी नावाची पुण्याची बाई अशा मुलांना कुठलं यंत्र चालेल ते बघून सांगायची.

"राणी, तुला काय आवडतं?" शर्वरीनं विचारलं.

"तिला दहीभात लई आवडतो," भामा म्हणाली.

"भामाताई, तिला सांगू द्या ना."

"ती कशी सांगंल वो मॅडम? त्यासाठीच तर आलाव."

शर्वरीनं राणीपुढे एक टॅब ठेवला. पडद्यावर चित्रं होती. बोट लागलं की यंत्र त्या चित्राचा शब्द मोठ्यानं बोले. राणीचं बोट सरळ होत नव्हतं, म्हणून शर्वरीनं चित्रं मोठी केली. डाव्या हाताच्या मुठीनं राणीनं एका चित्रावर दाबलं. "गाणं," यंत्र म्हणालं. राणी इतकी हसली की तिला ठसका लागला.

भामानं शब्द सुचवले: पाणी, भात, टीव्ही, बाप्पा. शर्वरीनं ते घातले आणि आणखी काही घातले: दुखतं, भीती, मारलं, कोंडलं, अंधार.

"हे कायकू?" भामा दचकली. "असलं वंगाळ कशाला शिकवायचं लेकराला?"

"शब्दच नसेल तर ती सांगणार कशानं?" शर्वरी म्हणाली. "बहुतेक घरांतून हेच शब्द वगळतात."

टॅब काही दिवस वापरून बघायला घरी आला. संध्याकाळी राणीचा बाप विकास नारायणगुड्याच्या दुकानातून परतला की राणी त्याला "चहा" म्हणे, आणि तो नुकताच प्यालेला असला तरी पुन्हा पिई.

एका सकाळी भामा तिला गणवेश चढवत होती. राणीनं टॅबकडे मान झटकली. भामानं तो पुढे धरला.

"शाळा. नको."

"का गं?"

मूठ पडद्यावरच्या चित्रांवरून फिरली. "ओलं." मग, "कोंडलं." मग, "अंधार. अंधार."

शाळेतून पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येई, ते भामाला आठवलं. तिथलं पाणी पीत असेल, असं ती समजत होती. कपडे ओले झाले की कोंडतात, म्हणून पोरगी दिवसभर तहान मारत होती.

नवराबायको तसेच राणीला घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापिकेनं मुलांना सांभाळणाऱ्या आयाला बोलावलं. आया राणीच्या चाकांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मुख्याध्यापिका म्हणाली, "अम्मा, मशीन तो कुछ भी बोलती. बोलने दो उसको, हमारे सामने."

भामानं टॅब धरला. "सांग राणी. भिऊ नको."

राणीचं अंग ताठ झालं. हात आखडला आणि खाड्कन पडद्यावर आदळला. "केळं," यंत्र म्हणालं. "केळं. केळं. केळं."

आया हसली. विकासनं मान खाली घातली.

शर्वरीनं तक्रार लिहून दिली. तपासणीला माणसं आली, तोवर राणीला कोंडत त्या अडगळीच्या खोलीला खिडकी काढून भिंतींवर मुळाक्षरं रंगवली होती. आया कामावर राहिली. राणीचं नाव मात्र कटलं, आणि दुसऱ्या शाळा "जागा नाही" म्हणत राहिल्या.

"मॅडम, आता काय करू?" भामानं फोनवर विचारलं.

शर्वरी म्हणाली, "तिच्याशी बोलत राहा. माझ्याकडे याहून दुसरं काही नाही, भामाताई."

राणी आता घरीच असते. बोलते खूप. एका दुपारी भामा तिची वेणी घालत होती, तेव्हा तिनं टॅब मागितला.

"आई. माहीत?"

भामाचा हात थांबला. लेकीच्या मनगटावरचा काळानिळा डाग मागं एकदा शाळेतून आणल्यावर तिला दिसला होता. खुर्चीचा पट्टा काचला असेल, असं तेव्हा तिनं स्वतःला समजावलं होतं.

"नव्हतं माहीत गं," ती म्हणाली.

राणीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग मूठ उचलून तेच दोन शब्द पुन्हा दाबले.