खालची मधली खोली

गिरिधरला विचारल्याशिवाय त्याच्या घरात कूलरमध्ये पाणीसुद्धा पडत नसे. नागपूरच्या गांधीबाग बाजारात कापडाचं ठोक दुकान, आणि दुकानात गादीवर बसून दिवसभर आल्यागेल्याला सल्ले. लेक करिष्मा बँकेत लागली, तिची बदली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका लहानशा गावात झाली, तर तिथली भाड्याची खोलीसुद्धा ह्यानं नागपुरातून फोनवरच पसंत केली होती.

त्यामुळे वादळाच्या आदल्या संध्याकाळी तिनं त्यालाच फोन केला यात नवल नव्हतं.

"बाबा, सरकारी गाडी आली. सगळ्यांले शाळेत नेऊन राहिले. आमच्या घरमालकीण आजी बी निघाल्या. मी जाऊ का?"

"कायले जातं त्या गर्दीत? रस्त्यात एखादा टिन उडून आला म्हणजे?"

टिनांची त्यानं धास्तीच घेतली होती. मे महिन्यात नागपुरात धुळीची आंधी सुटली की छपरांचे पत्रे उडतात. अशाच एका टिनानं त्याचा धाकटा भाऊ देवराव कायमचा एका हातानं अधू झाला होता. तेव्हापासून आभाळ लाल झालं की घरातल्या सगळ्यांनी खालच्या मधल्या खोलीत जायचं आणि दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, असा नियमच होता.

"तुझ्या खोलीवर टिन हाय, वर थांबू नको. खाली आजीच्या मधल्या खोलीत बस, कडी लाव. वारा काय, घंट्या-दोन घंट्यात जाते."

"बरं बाबा," ती म्हणाली. बापाचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता.

सकाळी चहा घेता घेता त्यानं टीव्ही लावला. वाऱ्यानं झाडं आणि खांब लोळवले होते, ते त्याला अपेक्षितच होतं. पण निवेदक पाण्याबद्दल बोलत होता. समुद्र उठून गावात शिरला होता, खालचे मजले छतापर्यंत बुडाले होते. शाळेत नेलेली माणसं तेवढी सुखरूप होती.

गिरिधरच्या तोंडचं पाणी पळालं. समुद्र घरात येतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्या लेखी समुद्र म्हणजे सहलीला गेल्यावर पँट दुमडून पाय भिजवायची जागा. आणि ह्या अकलेवर त्यानं पोटच्या पोरीला कडी लावून बसायला सांगितलं होतं.

करिष्माचा फोन बंद होता. तो पुन्हा पुन्हा लावत राहिला.

"असे काय करून राहिले?" बायको, इंदुताई, म्हणाली. "शाळेत गेली असन ते. तुम्हीच सांगितलं असन ना, जा म्हणून?"

"हो," तो म्हणाला.

मग ती माउली निश्चिंत झाली. देवापुढं दिवा लावला, आणि विचारपूस करणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला सांगत सुटली, "आमच्या ह्यांनी वेळेवर सांगितलं म्हणून बरं." गिरिधर न्हाणीघरात गेला, नळ मोठा सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडला. खरं बोलायची हिंमत नव्हती, आणि ते कौतुक ऐकवतही नव्हतं.

दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"बाबा..."

"करिष्मा! बरी हायस ना वं?"

"हो. वर माझ्या खोलीत चढली मी."

शेजारी कान लावून उभ्या इंदुताईचा जीव भांड्यात पडला. "देव पावला गं बाई!" म्हणत ती साखरेचा डबा काढायला आत धावली.

"बाबा, आजी गेल्या." पलीकडं हुंदका फुटला. "गाडीत बसल्या होत्या त्या, पिशवी घेऊन. मीच उतरवलं त्यांले. म्हटलं, माझे बाबा म्हणतात घरातच बरं. पाणी आलं तवा जिन्यात त्यांनी मले खालून ढकललं वर. मी हात देला, पण..."

आत इंदुताईला ऐकू जाऊ नये म्हणून गिरिधरनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"त्यांचा मुलगा येऊन राहिला. आई गाडीतून काहून उतरली, हेच विचारन तो. काय सांगू मी त्याले?"

इंदुताई आली आणि तिनं चिमूटभर साखर त्याच्या तोंडात घातली. "घ्या, तोंड गोड करा. तुमच्यामुळं वाचली पोरगी."

"बाबा, बोला ना," करिष्मा म्हणत होती. "काय सांगू?"