भिंतीपलीकडचं समीकरण

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. माझ्या तळाशी एक पांढरा डाग आहे. तो किती घासला तरी जात नाही. तो कसा पडला ते ऐका आणि मग आपल्या घरच्या मोरीत जाऊन एकदा बघून या.

मी शाळेच्या स्वच्छतागृहात कामाला होते. आमची सफाईवाली मावशी मला रोज दोनदा भरायची आणि काम करताना गुणगुणायची. तिचा गळा काही गाणारणीचा नव्हता, पण मला तिचा लळा लागला होता. फळीवर दोन वस्तू शेजारीशेजारी असत, पावडरची पुडी आणि अ‍ॅसिडची बाटली. पावडर एका दिवशी, अ‍ॅसिड दुसऱ्या दिवशी, असा मावशीचा शिरस्ता होता.

भिंतीपलीकडे रसायनशास्त्राचा वर्ग भरायचा. भिंत इतकी पातळ, की शेजारी बसल्यासारखं सगळं ऐकू यायचं. "विरंजक चूर्ण अधिक हायड्रोक्लोरिक आम्ल, तयार होतो क्लोरीन वायू! रंग हिरवट पिवळा, वास उग्र, हवेपेक्षा जड, विषारी!" चाळीस पोरं एका सुरात ओरडायची.

त्या वर्गात एक मुलगी होती. सारखे प्रश्न विचारते म्हणून सगळे तिला चौकशीबाई म्हणत. एकदा तिने विचारलं, "सर, हे विरंजक चूर्ण दिसतं कसं? मिळतं कुठे?"

सर म्हणाले, "ते परीक्षेला येत नाही. तू समीकरण पाठ कर, दोन गुण कुठे जात नाहीत."

वर्ग खो खो हसला. ती खाली बसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण पुडीवरची बारीक अक्षरं मी रोज बघत होते. पलीकडे जिला विरंजक चूर्ण म्हणत, तीच अलीकडे मावशीची ब्लीचिंग पावडर होती. आणि ते लांबलचक नावाचं आम्ल म्हणजे ही बाटली! एकाच वस्तूची दोन नावं, मध्ये एक भिंत. हे तिकडच्यांना ठाऊक नव्हतं, इकडच्या मावशीला नव्हतं, आणि मला तोंड नव्हतं.

मग तपासणी आली. मोठ्या बाई मावशीला बजावून गेल्या, "उद्या साहेब येणार. लादी आरशासारखी दिसली पाहिजे."

कोपऱ्यातला पिवळा थर काही केल्या निघेना. मावशीने कपाळाला हात लावला. "पावडरने निघत नाही, अ‍ॅसिडने निघत नाही. आज दोघांना एकत्र कामाला लावते," असं म्हणून तिने आधी पुडी माझ्यात रिकामी केली. खिडकी कित्येक महिने घट्ट अडकलेली होती. पलीकडे पोरं घोकत होती, "विरंजक चूर्ण अधिक..."

मावशीने बाटलीचं बूच काढलं. मी आतून ओरडत होते. कोण ऐकणार?

माझ्यातून फसफस आवाज आला आणि हिरवट पिवळी वाफ काठावरून खाली उतरू लागली. मावशी उकिडवी बसून घासत होती. तिला ठसका लागला. "जहाल आहे, म्हणजे काम करणार," असं पुटपुटून ती घासतच राहिली. थोड्या वेळाने गुणगुणणं थांबलं. मग ब्रशही थांबला.

चौकशीबाई पाणी प्यायला बाहेर आली होती. दारातून तिने तो रंग पाहिला, वास घेतला, आणि वहीतली ओळ तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

"मावशी, उठा! बसू नका, तो खाली साचतो! उभ्या राहा!" मावशीला उठवेना. तेव्हा मुलगी श्वास रोखून आत घुसली आणि काखेत हात घालून तिला ओढत मैदानात घेऊन गेली.

सर खडू हातात घेऊनच धावत आले. मला दारातून पाहून ते जागीच थिजले. "हे तर... आपलंच समीकरण."

मुलगी खोकत खोकत म्हणाली, "सर, विरंजक चूर्ण म्हणजे आपली पावडर, एवढंच सांगितलं असतंत ना, तर मी मावशींना कधीच सांगितलं असतं."

सरांनी खडू टाकला आणि दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावली.

मावशी वाचली, पण तीन आठवडे दवाखान्यात होती. आता ती फक्त घंटा देते. जिना चढताना दर चार पायऱ्यांवर थांबते, आणि गाण्याची एक ओळ म्हटली की तिला दम लागतो. माझा जीव तुटतो. त्या दिवशी पडलेला डाग तळाशी घेऊन मी आता सरांच्या टेबलावर असते. ते पहिला धडा माझ्यापासूनच सुरू करतात, आणि पोरं घरून डबे, बाटल्या, पुड्या आणून त्यांची पुस्तकातली नावं शोधतात. मला बरं वाटतं.

पण धास्ती जात नाही. चौकशीबाई या वर्षी शाळा सोडून जाणार. स्वच्छतागृहात नवी बाई आली आहे, नवी बादली आली आहे. काल भिंतीपलीकडे फळीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. आधी पुडीचा, मग बाटलीचा, अगदी शेजारीशेजारी. खिडकी अजून अडकलेलीच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही एक बादली असेल. तिच्या शेजारी काय ठेवलं आहे, त्याचं खरं नाव काय, आणि कुणाचं कुणाशी जमत नाही, ते आजच शिकून घ्या आणि घरात मोठ्याने सांगा. ती बादली सांगू शकणार नाही.