तपासणीची बाटली

आमच्या सासूबाईंसारखं माणूस शोधून सापडायचं नाही, आणि सापडूही नये! परदेशी जाणाऱ्या अंजिराच्या जॅमची एक बाटली प्रयोगशाळेत द्यायची होती. अहवाल चांगला आला की आरोग्य प्रमाणपत्र, आणि ते असेल तरच माल शुक्रवारच्या बोटीवर चढणार. माझी ही पहिलीवहिली ऑर्डर. बोट चुकली तर तिकडचा दुकानदार दुसरीकडून माल घेणार होता.

अहवाल आला, आणि त्यात निघाली वेलची! लेबलवर वेलचीचं नाव नाही, म्हणून प्रमाणपत्र नाही.

"आई, वेलची कुठून आली?"

"तेवढ्या एका बाटलीत मीच घातली. परकी माणसं पहिल्यांदा आपल्या हातचं खाणार, त्यांना रोजचंच कसं द्यायचं?"

"अहो, ती माणसं खात नाहीत, तपासतात!"

"मग नासवतात म्हण की."

मी कपाळावर हात मारला आणि नको नको ते बोलून गेले. त्या बाटल्या पुसत राहिल्या. मग माझंच मन मला खायला लागलं. चांगलंचुंगलं पाहुण्याला वाढायचं आणि करपलेलं आपल्या ताटात ओढायचं, हेच तर बाईंनी जन्मभर केलं.

हातापाया पडून दुसऱ्याच दिवशी तपासनिसाला कारखान्यात आणलं. या खेपेला बाटली तोच उचलणार होता. त्याचा हात रांगेवरून फिरायला लागला तसा आईंचा जीव वरखाली.

"ती कडेची नको हो, त्यापेक्षा खालची…"

"आई, यातली एखादी बाटली चवीला डावी आहे का?" मी विचारलं.

त्या थबकल्या. "छे! एकसुद्धा नाही." मग कंबरेवर हात ठेवून त्याला म्हणाल्या, "घ्या कुठलीही!"

गुरुवारी संध्याकाळी प्रमाणपत्र हातात पडलं. मला तर नाचावंसं वाटलं. आईंनी चष्मा लावून वाचलं, "मानवी सेवनास योग्य. बस, एवढंच? चवीबद्दल अक्षर नाही?"

सासरे खोक्यात बाटल्या रचत होते. जेवताना 'मीठ' आणि 'पाणी' यांपलीकडे या माणसाने कधी तोंड उघडलेलं मी ऐकलं नाही. मान वर न करता ते म्हणाले, "त्यांच्या कागदात चवीचा रकाना नसतो. असता तर मी भरला असता."

"चिकटपट्टी आणते," म्हणत आई तडक आत गेल्या. चिकटपट्टी त्यांच्या हातातच होती.